पातळ मसाला

नागपुरातल्या निदान तीसेक घरांच्या विटा शामलाबाईच्या डोक्यावरून गेल्या आहेत. त्यातल्या एकाही घरात वास्तूचं जेवण आटोपल्यावर तिला पुन्हा कोणी बोलावलं नाही, आणि त्याचं तिला काही वाटतही नाही. तिचा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाईला आमच्याकडे रेजा म्हणतात, आणि रेजाला काही कळत नसतं असं सगळे धरून चालतात. मालक धरून चालतो, ठेकेदार धरून चालतो. पोटचा मुलगाही तसंच धरून चालायला लागला, तेव्हा मात्र शामलाबाईचं डोकं फिरलं.

झालं असं. सक्करदऱ्याच्या पुढे एका गल्लीत तिचा लहानसा प्लॉट होता, नवरा हयात असताना दोघांनी मिळून घेतलेला. त्यावर टिनाच्या दोन खोल्या आणि त्यात वीस वर्षांचा संसार. मे महिन्यात त्या टिनाखाली माणूस तव्यावरच्या भाकरीसारखा भाजून निघायचा. मुलगा अंकुश कंपनीत नोकरीला लागला, त्याला बँकेने कर्ज दिलं, त्यात आईने आपली साठवलेली मजुरी घातली आणि पक्कं घर बांधायचं ठरलं. हे एकच घर. ते बिघडलं तर दुसरं बांधायची ऐपत या जन्मात येणार नाही, हे शामलाबाईला पुरतं ठाऊक होतं.

अंकुशने ठेकेदारही शोधून ठेवला होता. मधुसूदन त्याचं नाव. सीताबर्डीत काचेचं ऑफिस, आत थंडगार हवा आणि टेबलावर घराचं रंगीत चित्र. दुमजली घर, वर बाल्कनी, आणि पुढे एक झाड, जे त्या प्लॉटवर मावलंच नसतं. सून मिनल चित्र बघून हरखली. "सहा महिन्यांत किल्ली तुमच्या हातात," मधुसूदन म्हणाला.

शामलाबाईने एकच विचारलं, "भाऊ, तुमचा मिस्त्री कोण हाये?"

"एकापेक्षा एक आहेत, मावशी. आपली टीम म्हणजे फॅमिलीच."

"नाव काय त्याचं?"

मधुसूदन नुसता हसला आणि अंकुशला फरशीचे नमुने दाखवू लागला.

बाहेर आल्यावर अंकुश वैतागला. "आई वं, लोक ठेकेदाराले डिझाइन विचारतात, रेट विचारतात. तू मिस्त्रीचं नाव विचारून राहिली! तुले यातलं काय समजते?"

शामलाबाईचा सासरा छप्पन साली दीक्षाभूमीवर उभा होता. कोणी 'तुला काय समजतं' म्हटलं की गप्प बसायचं नाही, ही त्या घराची जुनी खोड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठेवणीतली नव्हे, कामाची साडी काढली, डोक्यावरच्या चुंबळीसाठी फडकं कमरेला खोचलं आणि चपला घातल्या.

"कुठं चालली?" अंकुशने विचारलं.

"कामाले."

"आता कायले? लोक काय म्हणतील?"

"लोकायले सांग, माय ठेकेदार पाहाले गेली."

मजुरांच्या ठिय्यावर ती बायकांमध्ये जाऊन उभी राहिली. मधुसूदनचं एक काम रिंग रोडपलीकडे चालू होतं, आणि तिथे माणसं हवीच होती. तिथे माणसं रोजच हवी असायची, कारण कालचा मिस्त्री आज नसायचा आणि आजचा उद्या. भिंतीचा खालचा भाग एकाने बांधलेला, वरचा दुसऱ्याने, आणि दोघांनीही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अशी भिंत उद्या तडकली तर कान कोणाचा धरायचा? शामलाबाईने पदर खोचला आणि मसाला कालवायला घेतला. सिमेंट आणि रेतीचा हा मसाला, त्यावर सगळं घर उभं राहतं. तिने मुद्दाम त्यात पाणी जास्त ओतलं. इतकं, की फावड्यावरून तो ताकासारखा ओघळू लागला.

मिस्त्रीने पाहिलं. पाहिलं, आणि तोच मसाला विटांवर पसरला. सुपरवायझर जवळच उभा होता, तो म्हणाला, "चालते, हात चालवा!" दुपारी स्वतः मधुसूदन गाडीतून उतरला. कानाला फोन लावून तो कुणाला तरी सांगत होता की क्वालिटीत आपण तडजोड करत नाही. त्याच्या पुढ्यातून शामलाबाई घमेलं घेऊन तीनदा गेली. कालच जिला मावशी म्हटलं, तिला त्याने ओळखलं नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! संध्याकाळी तिने मजुरी घेतली. आपण ओतलेल्या पाण्याने कुणाची तरी भिंत कच्ची राहिली, याची तिला लाज वाटली. जाता जाता तिने मिस्त्रीला सांगितलं, "ते थर काढ गा, मसाला पातळ होता." तो म्हणाला, "माझं घर आहे का?"

कांताबाई ही तिची जुनी जोडीदारीण. ती बारा वर्षं एकाच माणसाकडे काम करत होती, कन्हानच्या रुपरावकडे. रुपराव स्वतः मिस्त्री, हळूहळू ठेकेदार झालेला. ऑफिस नाही, रंगीत चित्र नाही. नळवाला, लाइटवाला, सुतार, सगळे तेच ते, वर्षानुवर्षांचे. "तोंडाचा लय खराब हाये," कांताबाई म्हणाली, "पण त्याले सोडून कोणी जात नाही." शामलाबाई दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत रुपरावच्या कामावर गेली आणि तिथेही तिने पाणी जास्त ओतलं.

रुपरावच्या मिस्त्रीने दोन थर लावले आणि तो थांबला. रुपराव आला, त्याने मसाल्याची मूठ भरली. बोटांतून पाणी गळालं. मग जे झालं ते सगळ्या साइटने ऐकलं.

"कोणं कालवला हा? तुनं? आंधळी आहेस का? कोणाचे लेकरं झोपतील या भिंतीखाली, माहीत आहे?" आणि मिस्त्रीकडे वळून, "काढ ते थर. दोन्ही. विटा धुऊन घे." शामलाबाईला तो म्हणाला, "आजचा रोज घे, अन् उद्या येऊ नको."

कामावरून हाकलली गेलेली शामलाबाई घरी आली ती हसतच. मिनलने विचारलं, "आई, काय झालं?" तर म्हणाली, "चारचौघांत शिव्या खाल्ल्या. घर आता हाच बांधन."

अंकुशला पटवायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिघं रुपरावकडे गेले. रुपरावने शामलाबाईला पाहिलं आणि हातातली थापी खाली ठेवली.

"तुम्ही तं त्या दिवशीच्या."

"हाव. मीच पाणी जास्त टाकलं होतं. मुद्दाम. तुमी काय करता ते पाहाले."

रुपरावचा चेहरा लाल झाला. "ताकाले येऊन भांडं कायले लपवता, बाई? सरळ विचारायचं होतं. माझा अर्धा दिवस गेला, माझ्या माणसाले बोलणं बसलं. मी नाही करत तुमचं काम."

अंकुश आईकडे बघू लागला. झाली का हौस, असा तो चेहरा होता.

"सरळ विचारलं असतं तं तुमी काय सांगतलं असतं?" शामलाबाईचा आवाज चढला. "दुसऱ्यानंही सांगतलंच ना, क्वालिटी म्हणून! तीस वर्षं मी मसाला वाह्यला, रुपरावभाऊ. कोणाच्या भिंतीत काय गेलं ते या डोळ्यायनं पाह्यलं, अन् पोटासाठी तोंड बंद ठेवलं. आता माझं घर हाये. आता मी तोंड बंद ठेवणार नाही. तुमच्या माणसाची माफी मागतो, पण घर तुमीच बांधा."

आणि तिने खरंच त्या मिस्त्रीपुढे हात जोडले. तो बिचारा "असू द्या, मावशी" म्हणत मागे सरला. रुपरावने थापी पुन्हा उचलली. मग म्हणाला, "जागा पाहू द्या पह्यले. हो म्हणत नाही अजून."

त्याने प्लॉटच्या कोपऱ्यात खड्डा खणवला. चार फुटांवर काळी माती, सहावर काळी माती. आठव्या फुटाला कडक मुरूम लागला. ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते, हे नागपुरात कोणालाही सांगावं लागत नाही. मधुसूदनने अंकुशला दिलेल्या कागदावर पाया चार फुटांचाच होता.

"पाया मुरमापर्यंत नेऊ तं मी बांधतो," रुपराव म्हणाला. "पण पैसा जमिनीत जाईन. वरचा मजला आता होत नाही."

मिनलने मान खाली घातली. तिची बाल्कनी गेली होती. अंकुश मात्र गप्प बसला नाही. "आई, गल्लीत सगळ्यायचे दोन-दोन मजले आहेत. आपलं एवढंसं घर पाहून लोक हसतील."

शामलाबाईने खड्ड्यातून मुठीएवढा मुरूम उचलला, तो दाबून पाहिला आणि पोराच्या हातावर ठेवला.

"हसू दे," ती म्हणाली. "या गल्लीतल्या घरायच्या विटा मीच वाह्यल्या. कोणाचा पाया किती खोल हाये, ते मले विचार."