माझ्या साखरेची घरगुती चाचणी

औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष समजायला डॉक्टर असावं लागत नाही, असं मी गेल्या हिवाळ्यापर्यंत मानत होतो. अंबडच्या कारखान्यात मी तपासनीस होतो. दुसऱ्यांनी घडवलेल्या मालाला नावं ठेवायचा मला पगार मिळायचा (घरी हेच काम मी फुकट करतो).

डॉक्टरांनी मधुमेहाची नवी गोळी वाढवली, तेव्हा मी तिच्या चाचणीचा अहवाल नेटवरून उतरवला, त्यावर लाल पेनाने रेघोट्या ओढल्या आणि दवाखाना गाठला.

"डॉक्टर, यात नकली गोळी घेतलेलेही पुष्कळ जण ठणठणीत राहिलेत!"

"राहतातच, काका. पण खरी गोळी घेणाऱ्यांत हृदयाचा त्रास कमी जणांना झाला. हजारो माणसं कित्येक वर्षं पाहिली, तेव्हा ते कळलं."

"त्या हजारांत माझ्यासारखा एक तरी होता का?"

"तुमच्यासारखा दुसरा कुठून आणणार?"

मला ते कौतुकच वाटलं.

घरी येऊन मी स्वतःची चाचणी जाहीर केली. एक आठवडा खरी गोळी, एक आठवडा जीवनसत्त्वाची. कुठली केव्हा, ते फक्त बायकोला, सुलूला ठाऊक. तिने चिठ्ठीवर लिहून मसाल्याच्या डब्याखाली ठेवायचं. गोळी ओळखू येऊ नये म्हणून मी डोळ्यांना रुमाल बांधून आ करणार! सुलू "बरं" म्हणाली. मला तिथेच संशय यायला हवा होता. माझं बोलणं तिने एका फटक्यात मान्य केल्याची आमच्या संसारात नोंद नाही.

पहिल्या आठवड्यात मनमाडला मेहुण्याच्या, दिलीपच्या मुलीचं लग्न होतं. हळदीला जिलबी, लग्नात बासुंदी, पूजेला शिरा! मी रोज सकाळी बोटाला सुई टोचून साखर इमानेइतबारे लिहीत होतो. जिलबी लिहिली नाही, कारण तक्त्यात जिलबीचा रकानाच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात पोटाने दावा साधला आणि मी मुगाच्या कढणावर आलो. साखर धाडकन उतरली.

उरलेली बुंदी घेऊन दिलीप आला, तेव्हा मी तक्ता पसरला. चिठ्ठी उघडायची गरजच काय? "पहिला आठवडा खऱ्या गोळीचा, म्हणून साखर चढली. दुसरा नकलीचा, म्हणून उतरली. गोळी म्हणजे शुद्ध थोतांड!"

"दाजी, लय डोकं हाय तुमचं!" दिलीप भारावला. "मंग मी बी उद्यापासून माझ्या शुगरच्या गोळ्या बंद करतो."

स्वयंपाकघरातून झारा घेऊन सुलू आली. "खबरदार, दिल्या!" तिने चिठ्ठी माझ्यापुढे आपटली. लिहिलं होतं, 'दोन्ही आठवडे खरी गोळी.'

"अगं, माझ्या चाचणीची वाट लावलीस!"

"चाचणी गेली खड्ड्यात. आमचे आबा या साखरेनंच गेले. मला तुमचा निकाल नको, तुम्ही हवे आहात." मग तिचा आवाज चढला. "आणि दोन आठवड्यांत फरक कशाचा होता, सांगू? जिलबीचा!"

दिलीप माझ्याकडे वळला. "मंग दाजी, गोळी चालू ठेवू ना?"

"ठेव," मी तक्त्याची घडी घालत म्हणालो. असला तक्ता कारखान्यात कुणी आणला असता, तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

आता गोळी मी उघड्या डोळ्यांनी घेतो. रुमाल मात्र सुलूने जपून ठेवलाय. मी लाल पेन घेऊन काही वाचायला बसलो, की तो पुढे सरकवते आणि म्हणते, "बांधा. तसंही तुम्हाला काही दिसत नाही!"