चायना ग्रासची बशी
परवा सुनेनं चायना ग्रास शिजायला ठेवलं आणि त्या ओलसर वासानं मी थेट दुष्काळातल्या लातूरला पोचलो. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता; पाणी तपासायला आम्हा आरोग्य खात्यातल्या लोकांना खोली मिळाली, सामान मात्र अजून जुन्या जिल्ह्याच्या मुख्य गावाहून यायचं होतं. जळकोटकडच्या एका गावात हगवण पसरली होती. उरलेल्या एकुलत्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून झाली, पण पाणी आता पिण्याजोगं झालं का, हे कळायला जंतू वाढवून बघावे लागतात आणि ते ज्यावर वाढवायचे ते आगरच संपलेलं. आगर म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचा गोठलेला रस, म्हणजेच चायना ग्रास, हे आठवलं तसा मी बाजारातल्या फालुदावाल्या अप्पांकडे धावलो. “समुद्रातलं?” कट्टर शाकाहारी लिंगायत अप्पांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला. “मासळी तर न्हाई ना? मी उपासाला इकायलोय की हे!” “शेवाळ आहे अप्पा, झाडपालाच समजा,” म्हटल्यावर त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की पुडी फुकटच दिली. त्यात जंतूंचा खुराक घालून मी ते कुकरमध्ये शिजवलं, काचेच्या बशीत गोठवलं आणि वर विहिरीचं पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या गावातली एक म्हातारी पहिल्या एसटीनं येऊन, त्याच विहिरीची कळशी आणि तहानलेली नात घेऊन आमच्या खोलीच्या दारात बसलेली. मी बशी खिडकीकडे धरली. जंतूंचा एकही ठिपका नव्हता. “पाजा मावशी.” पोरगी घटाघटा प्यायली. परवा सुनेनं वाटी हातात दिली, तर खाण्याआधी मी ती उजेडाला धरली.