तिसऱ्या हाताचा मानकरी

सर्वांत आधी एक अत्यंत गंभीर निवेदन. कृपया शांतता राखावी. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, लंडनजवळच्या स्लाऊ मुक्कामी, मी पियानो वाजवला नव्हता.

हे निवेदन मी आजवर तोंडी, लेखी, फोनवर आणि एकदा हीथ्रोला चेक-इनच्या रांगेत उभं राहूनही केलेलं आहे. कुणीही विश्वास ठेवलेला नाही.

वाजवला होता तो माझ्या बायकोने. सुनंदा भूलतज्ज्ञ आहे. दिवसा हॉस्पिटलात लोकांना झोपवायचं आणि संध्याकाळी पियानोवर शेजाऱ्यांना जागं ठेवायचं, असा तिचा चाळिशीनंतरचा दिनक्रम. शिकवायला मिसेस पेनरोज नावाच्या करड्या शिस्तीच्या बाई. त्यांनी चार वर्षं तिला सरळ वळणाच्या चाली घोटायला लावल्या आणि मग एक दिवस तिच्यापुढे एकोणिसाव्या शतकातलं एक भयंकर प्रकरण ठेवलं. इटालियन ऑपेरातल्या एका विरहगीताचं पियानोसाठी केलेलं रूपांतर!

त्या काळी ना रेडिओ, ना रेकॉर्डी. ऑपेरा ऐकायचा तर मोठं शहर गाठा. मग युरोपातल्या पट्टीच्या पियानोवाल्यांनी काय केलं, तर नायक, नायिका, कोरस आणि पन्नास वादकांचा ताफा उचलून दहा बोटांत कोंबला. (आपण एका जीपमध्ये अख्खं वऱ्हाड बसवतो, तसं.) त्यातली खरी चलाखी अशी, की गाणं वाजतं मधल्या पट्ट्यांवर, दोन अंगठ्यांनी आळीपाळीने. उरलेली बोटं दोन्ही बाजूंना वरखाली धावत सुटतात. ऐकणाऱ्याला शपथेवर वाटतं, ह्या माणसाला तिसरा हात आहे! त्या काळी म्हणे लोक खुर्च्यांवर चढून तो हात शोधायचे.

आमच्या मंडळींना चढावं लागलं नाही. त्यांना तो बसल्या जागी सापडला. माझा.

सुनंदा पहिल्यांदाच चारचौघांत वाजवणार होती. लहान मुलांचा नाच आणि जेवण यांच्यामध्ये तिला आठ मिनिटं मिळाली होती. आठवडाभर ती धड जेवली नव्हती.

"शेखर, तू फक्त पानं उलट. मी मान हलवली की उलटायचं. बाकी काही करायचं नाही."

"बाकी मला येतं काय?"

"म्हणूनच सांगतेय."

शाळेच्या हॉलमधला पियानो भिंतीला टेकवलेला. म्हणजे वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे. शेजारी वाकून उभा असलेला मी, म्हणजे माझीही पाठ लोकांकडे. पानं अशी गच्च भरलेली, की दर अर्ध्या मिनिटाला एक संपायचं. सुनंदाची मान हलली की माझा हात सुर्रकन आत, सुर्रकन बाहेर! त्यात सहा महिने घरात ऐकून ते गाणं माझ्या अंगात भिनलेलं. तिचे अंगठे विरहाला लागले की माझे खांदे आपोआप डोलायचे. एकदा तर मी डोळेही मिटले. (पान राहिलं. सुनंदाने पायावर पाय दिला.)

टाळ्यांचा कडकडाट! आणि त्या कडकडाटातून वाट काढत पारखीकाकू आल्या. पारखीकाकू म्हणजे स्लाऊमधल्या आद्य मराठी रहिवासी. वय पंचाहत्तर, आवाज पंचवीस.

"काय रे शेखर! कधी बोलला नाहीस ते! तो मधला हात तुझा ना?"

इथे सभ्य माणसाने 'नाही' म्हणावं. पण कौतुक झालं की मराठी माणसाच्या तोंडून एकच शब्द जोडीने बाहेर पडतो.

"कसचं कसचं!" मी म्हणालो.

आता शब्दशः घेतलं तर हा नकारच आहे! पण आजपर्यंत एकाही मराठी माणसाने तो नकार म्हणून घेतलेला नाही. काकूंनी मान डोलावली, मागे वळल्या आणि पंचवीस वर्षांच्या आवाजात जाहीर केलं, "मधला हात शेखरचाच बरं का! मी म्हटलंच होतं!"

बटाटेवड्याच्या रांगेत आमचे अध्यक्ष, हाडांचे निवृत्त डॉक्टर नेने, यांनी माझं मनगट हातात घेतलं. "लवचीक आहे. तयारीच्या माणसाचं मनगट."

"कसचं कसचं!"

आणि खरं सांगतो, दुसऱ्या वड्यापर्यंत मलाही वाटू लागलं होतं, की आपण थोडंसं वाजवलं असावं.

गाडीत शेजारी सुनंदा. मागे आमची मॅडी, म्हणजे मधुरा. वय चौदा, जन्म स्लाऊचा, मराठी आमचं.

"बाबा, तू खोटी बोलली."

"खोटं बोललास," मी सुधारलं.

"हो ना, तेच!"

मी सुनंदाकडे वळलो. "अगं, सगळ्यांना केवढं आवडलं! तुला कोण काय म्हणालं?"

"तिघीजणी म्हणाल्या, नवऱ्याला साथ छान केलीस."

एवढंच बोलून ती खिडकीबाहेर पाहू लागली. रात्रपाळ्या करून आल्यावर पियानोपुढे बसणारी माझी बायको! तिची आठ मिनिटं मी दोन वड्यांसोबत खाल्ली होती. घसा दुखेपर्यंत खरं बोलायचं, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना फोन. "काकू, मी एकही सूर वाजवलेला नाही. मला पियानो येत नाही."

"हाच मोठेपणा आवडतो मला तुझा."

"मोठेपणा नाही हो! मी पानं उलटत होतो!"

"वाजवता वाजवता पानंसुद्धा?" काकू गदगदल्या. "धन्य आहे रे बाबा!"

मग मी मंडळाच्या सगळ्या सभासदांना ईमेल केला. विषय: 'मला पियानो येत नाही'. एकवीस उत्तरं आली. वीस जणांनी लिहिलं, की खरा कलावंत असंच म्हणतो. एकविसाव्याने शिकवणीचे दर विचारले.

तेवढ्यात कॉव्हेंट्रीहून पत्र आलं. आसपासच्या मंडळांचं उन्हाळी संमेलन, मोठा हॉल, मोठा पियानो, चारशे माणसं. 'शेखर व सौ. सुनंदा यांचे तीन हातांचे पियानोवादन.' सुनंदाने ते दोनदा वाचलं. मोठा हॉल आणि मोठा पियानो, हेच तिचं स्वप्न होतं. त्यात तिचं नाव माझ्या नावामागे 'व सौ.' होऊन आलं होतं.

"मी कळवतो त्यांना," मी घाईने म्हणालो. "खरं काय ते सांगतो."

"नको! तू खरं सांगितलंस की माझं आणखी नुकसान होतं." तिने पत्राची घडी घातली. "सांगायचं नाही, दाखवायचं. मी सगळं पाठ करते. पानंच नकोत. तू स्टेजवर खुर्ची टाकून बस आणि हात सगळ्यांना दिसतील असे ठेव."

"आणि करू काय?"

"काही नाही. जमेल?"

तिने सात महिने पाठांतर केलं. मी सात महिने काही न करण्याचा सराव केला. मॅडीने माझी परीक्षा घेतली आणि खांदे हलतात म्हणून दोनदा नापास केलं.

कॉव्हेंट्रीचा पियानो भिंतीला टेकवलेला नव्हता. तो स्टेजच्या मधोमध आडवा होता, पट्ट्या लोकांना स्वच्छ दिसतील असा. पियानोपासून चार हात लांब, खुर्चीत मी. पाठ ताठ, दोन्ही पंजे गुडघ्यांवर पसरलेले, शाळेच्या वर्गफोटोत पहिल्या रांगेत बसवतात तसा.

सुनंदाने सुरुवात केली. मधोमध ते गाणं उमटलं आणि दोन्ही बाजूंनी सूर कारंज्यासारखे उडू लागले. चारशे माणसांनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या. मी पंजे थोडे उचलून दाखवले, उलटे केले, परत ठेवले. पुन्हा तिच्याकडे. मागच्या रांगेतले काही जण चक्क उभे राहिले! दोनच हात होते आणि दोन्ही तिचे. कुठेही अडखळली नाही. त्या दिवशी ती इतकं सुंदर वाजवत होती, की माझे खांदे हलायचेसुद्धा विसरले.

शेवटचा सूर विरला. टाळ्या पडायच्या आधी एक क्षण असतो, सगळे श्वास धरून बसलेले असतात, तो क्षण. आता कळलं सगळ्यांना, मी मनात म्हटलं. सात महिन्यांचं पाप फिटलं.

त्या शांततेत दुसऱ्या रांगेतून पारखीकाकूंचा पंचवीस वर्षांचा आवाज कानाकोपऱ्यात गेला:

"अगं बाई! ह्याने हात लावला नाही, तर किती सुरेख वाजतं गं हे!"