अण्णांची सतरा फाटकं

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. इथे साता समुद्रापार, पुकेकोहे गावातल्या आमच्या फार्मसीत मी गोळ्या मोजत होते आणि काउंटरवरचा फोन वाजला. पलीकडे ग्रॅहम होता, आमच्या घरामागच्या गाईंच्या फार्मचा मालक. हा माणूस एरवी तीन शब्दांच्या वर बोलत नाही. "तुझा म्हातारा अकरा नंबरच्या फाटकापाशी ओंडक्यावर बसलाय," तो म्हणाला. "आय'म सॉरी, लव्ह. ही'ज गॉन." मग म्हणाला, "फाटक बंद केलंय त्याने. अगदी असायला हवं तसं." मी रडता रडता हसले. समोर खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या असलेल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या.

अण्णा म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं नाशिक जिल्ह्यात सरकारी मोजणीदार होते. साखळी घेऊन शेतं मोजायची, हद्दी ठरवायच्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. कोणी कुणाचा बांध किती कोरला हे ते नुसतं उभं राहून सांगत. सासूबाई गेल्यावर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका सप्टेंबरात, ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. मार्चचं परतीचं तिकीट त्यांनी बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवलं होतं, रोज दिसेल असं. खोटं कशाला बोलू, ते यायच्या आधी मला धास्तीच होती. पण पहिल्या महिन्यात कळलं की धास्ती त्यांनाच जास्त होती. सकाळी आम्ही दोघं कामाला, आमची लेक मुक्ता शाळेत, आणि हा ताठ माणूस खिडकीशी बसून मोटारी मोजायचा. संध्याकाळी आकडा सांगायचा. तिकडे परत गेल्यावर ते रिकाम्या घरात एकटे पडणार हे आम्हाला दिसत होतं, पण "थांबा" म्हणायची सोय नव्हती. माझा नवरा श्रीधर आणि अण्णा, दोघंही एकमेकांशी फक्त हवामानावर बोलत.

मग एके दिवशी ते बाहेर पडले. लाल माती आणि कांद्याची शेतं बघून गडी खूश झाला. पंधरा दिवसांत आसपासच्या सगळ्या वाटा त्यांनी पावलांनी मोजल्या आणि वहीत उतरवल्या. त्यांच्यासारखे, मुलांकडे पाहुणे म्हणून येऊन सोफ्यावर अडकलेले आईवडील इथे बरेच; त्यांच्यासाठी ही वही. वाटांची प्रतवारी गुडघे किती दुखतील त्यावर. "वाट तिसरी. अर्धा गुडघा. चढ नावाला. उजव्या हाताला कांदे. कुत्रा आहे, तोंडाळ आहे, चावत नाही. पावले दोन हजार एकशे चाळीस." दर रविवारी स्वेटर, मफलर आणि कॅनव्हासचे बूट घातलेली चार-पाच वडीलधारी मंडळी अण्णांच्या मागे रांगेत चालायची. मोटारीतून जाणारे लोक हात करायचे, आणि अण्णा परेडची मानवंदना स्वीकारल्यासारखी मान हलवायचे.

सगळ्यात सोपी वाट मात्र त्यांना नकाशात सापडली. कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन त्यांनी आमच्या भागाचा नकाशा मागितला, आणि तिथल्या मुलीने तो लगेच दिला. अर्ज नाही, शिक्का नाही, उद्या या नाही. "मग हा खरा कशावरून?" हा संशय त्यांना दोन दिवस पुरला. त्या नकाशात आमच्या घरामागून सरकारी रस्ता जात होता. जागेवर नुसतं गवत आणि गाई. असे फक्त कागदावर आखलेले रस्ते इथे खूप आहेत, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं! "आजोबा, दॅट्स नॉट अ रोड, दॅट्स अ पॅडॉक," मुक्ता म्हणाली. अण्णांनी तिच्याकडे दयेने पाहिलं, मफलर आवळला आणि नकाशा घेऊन ग्रॅहमच्या दारात गेले. मी मागोमाग धावले.

"मिस्टर ग्रॅहम, युवर शेड इज स्टँडिंग ऑन गव्हर्न्मेंट रोड."

ग्रॅहमने नकाशा उलटा धरला, मग सुलटा धरला. "येह, लुक्स लाइक इट," तो म्हणाला. "कप ऑफ टी?"

चौतीस वर्षांत हद्द दाखवल्यावर अण्णांच्या अंगावर कोयते आले होते, कुत्री आली होती, एकदा एक आख्खं लग्नाचं वऱ्हाड आलं होतं. चहा पहिल्यांदाच आला. हवं तिथून चाला, फक्त फाटकं जशी सापडतील तशी ठेवा, एवढीच ग्रॅहमची अट. परत येताना अण्णा खट्टू होते. "भांडायलाच तयार नाही गं. याला जमिनीची किंमत नाही."

घोळ झाला तो फेब्रुवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात. आपल्याकडे उघडं फाटक म्हणजे कुणाचा तरी निष्काळजीपणा. गुरं शिरली तर उभं पीक जायचं. ऊन रणरणत होतं, एक फाटक सताड उघडं दिसलं आणि अण्णांनी ते कर्तव्यबुद्धीने लावून घेतलं, वर कडी नीट बसल्याची खात्री केली. पलीकडे चाळीस गाई होत्या आणि पाणी होतं अलीकडे. संध्याकाळी ग्रॅहम आमच्या दारात आला तो चेहरा लाल करून. "नो मोर वॉकिंग," एवढंच म्हणाला. त्याचे नेहमीचे तीन शब्द.

श्रीधर उसळला. रस्ता सरकारी आहे, कायद्याने अडवता येणार नाही! अण्णांनी शांतपणे नकाशाची घडी घातली. "हक्क माझा आहे, पण गाई तहानल्या माझ्यामुळे." मग खोलीत गेले आणि बॅग पलंगावर काढली. तिकिटाला अजून तीन आठवडे होते. या माणसाशिवाय घर कसं वाटेल हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि मला स्वतःचाच राग आला.

जायच्या आधी त्यांनी चालायची परवानगी पुन्हा मागणारा एक अर्ज लिहिला आणि माझ्याकडून टाइप करून घेतला. "रिस्पेक्टेड सर, विथ फोल्डेड हँड्स आय बेग टु सबमिट..." सोबत फार्मचा नकाशा. सतरा फाटकं, प्रत्येकाला नंबर, कोणतं कोणत्या वेळी उघडं असतं, कोणतं बंद. तो अर्ज ग्रॅहमच्या पत्रपेटीत टाकायचं काम माझ्याकडे आलं.

चौथ्या दिवशी ग्रॅहम आला. हातात तोच नकाशा, त्यावर लाल शाईच्या दोन खुणा. "सहा आणि अकरा चुकलेत, मेट. पुन्हा बघायला लागेल."

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चौतीस वर्षांत त्यांच्या मोजणीत कुणी चूक काढली नव्हती! "फेरमोजणी केल्याशिवाय मला जाता येणार नाही," त्यांनी जाहीर केलं आणि श्रीधरला तिकीट पुढे ढकलायला लावलं. फेरमोजणी कसली संपते? ऋतू बदलला की गाई हलायच्या, गाई हलल्या की फाटकं बदलायची. तिकिटाची मुदत संपली, व्हिसाचे कागद झाले, गुडघे एकाचे दीड झाले, आणि अण्णा सहा वर्षं फेरमोजणी करत राहिले. ग्रॅहमशी त्यांची दोस्ती झाली, जिच्यात दोघांपैकी कुणी फारसं बोलत नसे.

आता सांगायला हरकत नाही. मी तो अर्ज पत्रपेटीत टाकलाच नव्हता. स्वतः ग्रॅहमच्या गोठ्यात घेऊन गेले होते. "तू नुसती परवानगी दिलीस तर ते थँक यू म्हणून निघून जातील," मी म्हटलं. "चूक काढ."

"चूक नाहीये यात."

"दोन काढ. एक काढलीस तर म्हणतील नजरचूक." आणि माझ्या खिशातलं लाल पेन काढून त्याच्या हातात दिलं. सहा वर्षं हे आम्ही दोघांनी पोटात ठेवलं, आणि अण्णांना फसवल्याची बोच मला होतीच.

परवा ग्रॅहम पिशवीभर फिजोआची फळं घेऊन भेटायला आला. गमबूट बाहेर काढून, मोजे घातलेल्या पायांनी अण्णांच्या खोलीत उभा राहिला. मी त्याला ती वही दाखवायला घेतली. वाटांच्या शेवटी फाटकांचं पान होतं, आणि सहा नि अकरा यांच्यासमोर अण्णांच्या सरकारी अक्षरात शेरा, तारीख ग्रॅहमने चूक दाखवली त्याच दिवसाची: "मूळ मोजणी बरोबर. लाल शाई सूनबाईंच्या पेनाची. सबब, चूक मान्य. तक्रार नाही."

मी ते इंग्रजीत सांगितलं. ग्रॅहम खिडकीबाहेर बघत राहिला. "कनिंग ओल्ड बगर," तो म्हणाला आणि बाहीने नाक पुसलं.

निघताना खोलीच्या दाराशी थांबला. शेवटच्या सकाळी अण्णा फिरायला गेले तेव्हापासून त्या दाराला मी हात लावलेला नव्हता. व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा आडवा करून आत नेत होते. आज आत येताना मात्र ग्रॅहमच्या खांद्याने ते सताड उघडलं होतं. त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "कसं होतं हे?"

"अर्धं उघडं," मी म्हटलं.

त्याने दार अर्ध्यावर आणलं, जरा मागे सरून नीट पाहिलं, आणि गमबूट घालायला गेला.