उलटा कागद

"कागद उलटा धर," पडद्याआडून मॅडम कुजबुजल्या.

मी धरला. समोर खुर्च्यांवर बसलेले पाहुणे हसले. मुकादम झालेल्या शेजारणीनं माझा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. घर गेलं म्हणून मी हंबरडा फोडला. मग मॅडम स्वतः नाटकातली शिकलेली 'ताई' होऊन आल्या, कागद हिसकावला, सुलटा केला आणि वाचला. टाळ्या.

मला तेव्हा वाचता येत होतं. चांगलं येत होतं.

इथं परराज्यात, बमरोलीत, आमच्या चाळीच्या टोकाला देवळाचा हॉल आहे. दुपारी तिथं बायकांचा वर्ग भरायचा. मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या, चांगल्या घरातल्या, मराठीच. मी खानदेशातून लग्न होऊन इथं आलेली. नवरा कापडाच्या लूमवर, मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवते. शिकवलं मॅडमनीच, खोटं कशाला बोलू? गळ्यात एकेक अक्षराची पाटी अडकवून आम्हाला ओळीत उभं करायच्या. आम्ही जागा बदलल्या की शब्द बदलायचा. इतकं हसले नव्हते मी कधी. दुकानाचं नाटक, दवाखान्याचं नाटक, असं करता करता वाचायला लागले.

पण पाहुणे आले की मी परत अडाणी. एकदा म्हटलं, मला ताई करू द्या.

"अगं, ताईच्या तोंडी तुझी भाषा कशी शोभेल? आणि अडाणी बाई तुझ्यासारखी कुणाला जमत नाही."

अंगाची लाही लाही झाली. पण पाहुणे खूश होऊन देणगी देतील तरच वर्ग चालणार होता. शेजारणीला जोडाक्षरं अजून येत नव्हती. ती माझा हात धरून म्हणाली, "तू नही करशी त आमना वर्ग बंद पडी जाई वं माय." झालं. मी अंगठा पुढे करत राहिले.

एकदा नाटक संपल्यावर एक पाहुण्या बाई माझ्याजवळ आल्या. बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं, सावकाश म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा शिका हं हळूहळू." मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान डोलावली. घरी जाऊन अंगठा दगडावर घासला, तरी शाई निघाली नाही.

पुढच्या नाटकात मी कागद सुलटा केला आणि खणखणीत वाचला. "हे घर मी राजीखुशीनं सोडत आहे." मग म्हटलं, "माले वाचता येस. अंगठा नही देसू."

हॉलमध्ये टाळ्याच टाळ्या. त्यांना वाटलं, नाटकच आहे.

मॅडमनी पाठ थोपटली. "शेवट छान बदललास. पुढच्या वेळी असंच कर. आधी उलटा, मग सुलटा."

"मी नही करसू."

"मग वर्ग तरी कशाला चालवायचा?"

हॉलला कुलूप लागलं. बायका माझ्यावर चिडल्यात. शेजारीण बोलत नाही.

साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी त्यावर एक अक्षर काढलंय. रोज दुपारी ते गळ्यात घालून हॉलच्या ओट्यावर बसते. एका अक्षराचा शब्द होत नाही, मला कळतं. दुसरी पाटी शेजारणीसाठी करून ठेवलीय. ती येईपर्यंत बसेन. नाही आली तरी बसेन. कागद उलटा धरणार नाही.