अप्पांच्या मशीनवर फेल झालेली टेस्ट

आमच्या कामाला एक वाईट खोड आहे: काहीच पुसलं जात नाही. कोणी कधी काय बदललं, का बदललं, कोणी ते परत पाठवलं, सगळं तारीखवार साठून राहतं. त्यामुळे आमचे किस्से आठवावे लागत नाहीत, उघडून वाचता येतात. काही वाचताना हसू येतं. काही मी उघडतच नाही.

काम काय, ते आधी सांगते. डीएनए वाचायची, ताडून बघायची सॉफ्टवेअरं शास्त्रज्ञ लिहितात आणि पेपर छापून आला की वाऱ्यावर सोडतात. ती आमच्या लिनक्स या मोकळ्या, फुकट कॉम्प्युटर-प्रणालीवर कुणालाही एका कमांडमध्ये बसवता यावीत म्हणून नीट पॅकेज करून ठेवायची. पगार नाही. जगभर लोक हौसेने हे करतात, आमच्या भागात आम्ही तिघं. रोह्याचे अप्पा, नागोठण्याकडच्या कंपनीत जन्मभर मीटर तपासून निवृत्त झालेले. पेणचा निलेश, घरचा गणपतीचा कारखाना. आणि मी, रामवाडीची, बायोटेक शिकलेली, तिघांत सगळ्यात हुशार. म्हणजे तेव्हा मला तसं वाटायचं.

*

माझं पहिलं पॅकेज अप्पांनी, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सदस्याने, तपासलं. उत्तर एका ओळीचं: "परत. कारण: एका फाइलला परवाना नाही."

मी फोन केला. "अप्पा, वीस ओळींची फाइल! कोण बघणार आहे?"

"मी बघितली ना."

परवानगीसाठी मूळ लेखकाला शोधलं. तो संशोधन सोडून बेकरी चालवत होता. तीन महिन्यांनी त्याचं उत्तर आलं: "खुशाल वापरा. पण ती फाइल चालते? माझ्याकडे तर कधीच चालली नव्हती!"

*

प्रत्येक पॅकेजबरोबर टेस्ट असतात. सॉफ्टवेअर बरोबर उत्तर देतंय ना, हे कॉम्प्युटर स्वतःच तपासतो. मोठ्या पॅकेजच्या टेस्ट दिवसभर चालतात आणि मशीन तापतं.

निलेशचं मशीन कारखान्यातच, शाडूच्या मूर्तींच्या रांगेत. श्रावणात काही म्हणता काही वाळत नाही. एकदा ग्रुप कॉलवर असताना त्याच्या आईचा आवाज आला, "निल्या, आज मोठी टेस्ट लाव रं! गौरीचे मुखवटे ओले हायत!"

त्या महिन्यात अप्पांनी सगळी जड पॅकेजं निलेशला दिली!

*

नव्या माणसाला स्वतःच्या सहीने पॅकेज चढवायचा अधिकार हवा असेल, तर जुन्या सदस्याने त्याला समोरासमोर भेटून, ओळखपत्र पाहून ग्वाही द्यायची असते. सही डिजिटल, पण माणूस हाडामासाचा हवा. मी म्हटलं, व्हिडिओ कॉल करू. अप्पा म्हणाले, रोह्याला ये.

गेले. अप्पांनी चष्मा लावला. "कार्ड दाखव."

"अप्पा, मी मुक्ता!"

"ते कार्डावर बघतो." त्यांनी कार्ड उजेडात धरलं, मग माझ्याकडे बघितलं. "फोटो तुझा वाटत नाय गो."

"आधारवर कोणाचा वाटतो!"

काकू पोह्यांची बशी घेऊन आल्या. "अहो, दोन वर्षं जेवतेय ती आपल्याकडं!"

"जेवण वेगळं. ही ग्वाही हाय."

काकूंनी बशी मागे घेतली. "मग थांब गो. ह्यांची खात्री पटेपर्यंत पोहे तरी कशी देऊ!"

*

अधिकार मिळाला आणि मी सुटलेच.

भाताच्या वाणांच्या डीएनएमधले फरक मोजणारं एक सॉफ्टवेअर होतं. लिनक्सची नवी आवृत्ती निघायच्या आधी दार बंद होतं, मग काही आत जात नाही. दोन दिवस उरले होते. सगळ्या टेस्ट पास. एकच फेल, तीही फक्त अप्पांच्या जुन्या मशीनवर.

"कंपनीत एकच मीटर वेगळा आकडा दाखवायला लागला, तर आम्ही प्लांट थांबवून बघायचो," अप्पा फोनवर म्हणाले.

"अप्पा, माझ्याकडे पास, निलेशकडे पास. तुमचं मशीन म्हातारं झालंय. आणि त्याच्यासोबत..."

वाक्य मी पूर्ण केलं नाही. गरजच नव्हती.

मग अप्पा म्हणाले, "अधिकार तुझा हाय."

मी ती टेस्ट बंद केली, सही केली, पॅकेज चढवलं. निलेशने ग्रुपवर फटाके टाकले. मला वाटलं, जिंकले!

*

काही महिन्यांनी भातावर संशोधन करणाऱ्या एका मुलीचा मेल आला. आमच्या आकड्यांवर विसंबून तिने हंगामातली निम्मी रोपं नापास ठरवून उपटून टाकली होती. फाइल मोठी असली की मोजणीचा आकडा त्याच्या ठरलेल्या जागेत मावत नव्हता आणि भरलेल्या मीटरसारखा उलटून पुन्हा खालून सुरू होत होता. अप्पांच्या जुन्या मशीनवर ती जागाच छोटी, म्हणून तो छोट्या फाइललाच उलटायचा, फरक तेवढाच.

मेल अतिशय सभ्य होता. "तुम्ही हे काम फुकट करता, त्यामुळे तक्रार नाही. फक्त ती टेस्ट बंद का होती, कळेल का?"

चार दिवस मी उत्तर दिलं नाही.

"दे ना गो काहीतरी," निलेश म्हणाला.

"काय देऊ?"

"खरं दे!"

पाचव्या दिवशी लिहिलं, टेस्ट मी बंद केली होती. त्यावर तिचं काही आलं नाही. कधीच.

*

मग दुरुस्ती करायला पॅकेज उघडलं, तर ती झालेली होती. अप्पांनी केली होती. बदलांच्या यादीत, जी पॅकेजसोबत जगभर प्रत्येक मशीनवर जाते, त्यांच्या पूर्ण नावासकट नोंद होती: "मोजणी दुरुस्त केली, बंद केलेली टेस्ट पुन्हा चालू केली. चूक माझी. ती फेल होताना पाहूनही मी गप्प बसलो."

मी तशीच गाडी पकडून रोह्याला गेले.

"ती ओळ काढा, अप्पा."

"लागलेली नोंद काढता येत नाय. तुला म्हायतेय."

"पण ती खोटी आहे!"

"मी फेल झालेली बघितली नव्हती काय?"

"बंद मी केली ना!"

"मग?"

काकूंनी पोहे दिले. या वेळी कोणी कार्ड मागितलं नाही. मी अर्धे टाकून निघाले.

परतीच्या गाडीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मी खाली नवी नोंद लिहिली: "वरील नोंदीत दुरुस्ती. टेस्ट मी बंद केली होती. अप्पांचा दोष नाही." चढवायचा अधिकार माझ्याकडे होता. तरी आधी तपासायला अप्पांकडे पाठवली. अधिकार मिळाल्यापासून पहिल्यांदाच.

नागोठणं यायच्या आत उत्तर आलं.

"परत. कारण: घाई."