खंडेनवमीला घासलेले कॅन

हसा. चहा येईस्तोवर पोटभर हसून घ्या. पण हा घोळ मी स्वतः घातलाय, आणि सांगताना मला अजून हसू येत न्हाय, एवढं ध्यानात ठेवा.

इकडं सीमाभागातल्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, नट-बोल्टांना जस्ताचा मुलामा देणारी एक शेड आहे, तिथलं स्टोअर माझ्याकडं. मालकांना आम्ही सगळी अण्णा म्हणतो. टाक्यांवर काम करतात ते आप्पा, तीस वर्षांचे जुने. स्टोअरमध्ये पाच पांढरे कॅन: कशात ऍसिड, कशात कॉस्टिक सोडा, कशात आणखी काय. तपासणीवाल्या साहेबांनी बजावल्यापासून प्रत्येकावर लेबल आलं. मालाचं नाव, लाल चौकटीत चित्र, अंगावर सांडलं तर काय करायचं, सगळं कन्नडात आणि इंग्रजीत. आप्पा इतके मुरलेले, तरी लेबलावर बोट फिरवून वाचल्याशिवाय बूच काढत न्हाईत. मी मनात म्हणायची, काय हा म्हातारा वेळ घालवतोय!

आली खंडेनवमी. मशिनी धुवायच्या, झेंडूच्या माळा बांधायच्या, कोहळा फोडायचा. पूजेला अण्णांच्या आई येणार होत्या. मला वाटलं, आपलं स्टोअर कसं लख्ख दिसलं पाहिजे. आणि कॅनवर बघते तर काय? एका चित्रात हाताला भोक पडलेलं, दुसऱ्यावर तर चक्क कवटी! आता तुम्हीच सांगा, सणासुदीला कवटीला कुंकू कोण लावतंय?

मग काय, पदर खोचला. पाचही कॅन बाहेर काढले, गरम पाणी ओतलं आणि तारेच्या घासणीनं लेबलं अशी खरवडली की डिंकाचा डागसुद्धा ठेवला न्हाय. प्रत्येकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि एका ओळीत मांडले. अण्णांच्या आई म्हणाल्या, पोरगी कामाला लई टापटीप आहे. झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर! आधी कुठला कॅन कुठं होता, हे ध्यानात ठेवायचं काही माझ्या डोक्यात आलं न्हाय.

दसरा झाला, शेड उघडली. दुपारी निपाणीची गाडी माल न्यायला येणार होती, त्यामुळं अण्णांची सकाळपासून घाई चाललेली. आप्पा स्टोअरमध्ये आले, कॅनसमोर वाकले आणि त्यांचं बोट तसंच हवेत राहिलं.

"ताई, यातलं ऍसिड कुठलं?"

तिथंच 'आप्पा, चुकलं माझं' म्हणायचं होतं. अण्णा दहा शब्द जास्त बोलले असते, गाडी रिकामी गेली असती, बास. पण परवाचं कौतुक अजून अंगात होतं ना! तोंडातनं भलतंच गेलं.

"आप्पा, तीस वर्षं काढलासा. नुसत्या वासावर कळंल की तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. याचा वास घ्यायचा नसतो, असं तीस वर्षं नव्या पोरांना ते स्वतःच शिकवत आलेले. पण बाहेर अण्णा आवाज देत होते, आणि स्टोअरची बाई म्हणत होती, वास घ्या. त्यांनी एक बूच काढलं, काही न्हाय. दुसरं काढलं आणि वाफ थेट नाकात गेली.

असा खोकला आला की माणूस खालीच बसला. डोळ्यांतनं पाणी, ओठ पांढरे, तोंडातनं शब्द फुटंना. अण्णांच्या गाडीतनं दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आप्पांना ऑक्सिजन लावला आणि माझ्याकडं वळले.

"कशाची वाफ गेलीय?"

"ऍसिड असंल, डॉक्टर."

"असंल म्हणजे? कॅनवर काय लिहिलंय?"

"स्वस्तिक."

तुम्ही हसताय, पण त्या खोलीत कुणी हसलं न्हाय. डॉक्टर मला तसंच सोडून अण्णांना विचारायला बाहेर गेले. बाहेर बाकावर आप्पांच्या बायको, आक्का, पदर तोंडाला लावून बसलेल्या. मी त्यांच्यापाशी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

देव पावला, तीन दिवसांनी आप्पा घरी आले. आवाज मात्र पार बसलेला. अण्णांनी पाचही कॅन विकणाऱ्याकडं परत धाडले आणि मला फक्त नवी लेबलं आणून दिली.

रविवारी मी आप्पांच्या घरी गेले. घशाला आराम पडावा म्हणून ज्येष्ठमधाचा काढा करून नेला. चांगली सरबताची बाटली घासून-पुसून भरली होती. आप्पांनी ती हातात घेतली. आतलं तांबडं-काळं पाणी उजेडाला धरून बघितलं. मग बाटली गोल फिरवली, सगळ्या बाजूंनी. सगळीकडं नुसती स्वच्छ काच. त्यांनी आक्कांना पेला आणायला सांगितलं आणि बसक्या आवाजात म्हणाले,

"आधी ताईला दे."

मी मुकाट्यानं प्याले. कडू-गोड घोट कसाबसा गिळला. आप्पा नि आक्का दोघंही माझ्या तोंडाकडं बघत बसले. भिंतीवरच्या घड्याळात चांगली पाच मिनिटं गेली. मी काही खुर्चीतनं खाली पडले न्हाय.

तेव्हा कुठं आप्पांनी पेला पुढं केला. "हं. आता मला वत."